डॉ. कोटणीस, फौजी आणि सुया : उपचार वाढला कसा, आणि तो चालतो का?

माझे मामा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मूळचे सातारा जिल्ह्यातले, आता दिघीत राहतात आणि चाकणच्या एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. बारा तासांची ड्यूटी, बहुतेक वेळ गेटवर उभं राहायचं, त्यात कमरेचं जुनं दुखणं. गेल्या दिवाळीनंतर पिंपरीतल्या एका ॲक्युपंक्चर क्लिनिकबाहेर ‘माजी सैनिकांना सवलत’ असा बोर्ड दिसला आणि मामा आत शिरले. तीन सिटिंग झाल्यावर त्यांना वीस सिटिंगचं पॅकेज सांगितलं गेलं. तेव्हा त्यांचा मला फोन आला.

“काय गं, तू डॉक्टर होणारेस ना?”

“मामा, मी पीएचडीवाली डॉक्टर. कंबर बघणारी नव्हे.”

“म्हणून तर विचारतोय. वाचन असतं तुझं. हे सुयांचं खरं असतंय का? घेऊ का वीस?”

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. स्वच्छ, नीटनेटकं क्लिनिक. सुया एकदा वापरून टाकून देण्याच्या, पाकीट समोर फोडलेलं. भिंतीवर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा हार घातलेला फोटो आणि खाली ओळ : ‘भारतात ॲक्युपंक्चर आणणारे थोर डॉक्टर’. मामा म्हणाले, “आपला सोलापूरचा माणूस. सैनिकांची सेवा करता करता गेला. फोटो बघूनच मला जरा भरवसा वाटला.”

मी काही बोलले नाही, कारण हीच चूक मी स्वतः करून बसले होते. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीनंतर मी विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. त्यानंतरच्या माझ्या पहिल्याच सेमिनारमध्ये एक स्लाइड होती : ‘डॉ. कोटणीसांनी चीनमध्ये जखमी सैनिकांवर ॲक्युपंक्चर केलं आणि ते भारतात आलं.’ मागच्या रांगेतून एका सरांनी एवढंच विचारलं, “कुठल्या साली?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. स्लाइड तीन वेबसाइटवरून उचललेली होती आणि तिन्ही वेबसाइट एकमेकींवरून.

आजचा लेख त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे. रिसर्चची तयारी करणाऱ्यांसाठी त्यात एक मुद्दा आहे, तो आधीच सांगून टाकते. एखादा उपचार वाढला कसा हा एक प्रश्न आणि तो चालतो का हा दुसरा. पहिल्याचं उत्तर इतिहास देतो, दुसऱ्याचं प्रयोग. मामांच्या भिंतीवरचा फोटो पहिल्या प्रश्नाचं (तेही चुकलेलं) उत्तर दुसऱ्या प्रश्नाला चिकटवत होता. आपल्या सिनॉप्सिसमध्येही आपण हेच करतो, फक्त हार घालत नाही.

आधी वर्षं एका रांगेत लावू

कुठलीही दंतकथा तपासायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे कागदावर साली लिहून काढणं. बघा :

सप्टेंबर १९३८ : काँग्रेसने पाठवलेलं वैद्यकीय पथक मुंबईहून बोटीने चीनला निघालं. पाच डॉक्टर : अलाहाबादचे अटल (पथकप्रमुख), नागपूरचे चोळकर, सोलापूरचे कोटणीस, कलकत्त्याचे बिजय कुमार बसू आणि देबेश मुखर्जी.

फेब्रुवारी १९३९ : पथक येनानला पोचलं. माओच्या कम्युनिस्ट पक्षाचं आणि आठव्या मार्ग सेनेचं हे केंद्र.

नोव्हेंबर १९३९ : याच आघाडीवर काम करणारे कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून वारले.

जानेवारी १९४१ : उत्तर चीनमधल्या आघाडीवर बेथ्यूनच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून कोटणीसांची नेमणूक.

९ डिसेंबर १९४२ : कोटणीसांचा चीनमध्येच मृत्यू. वय ३२.

१९४३ : बसू भारतात परतले.

ऑक्टोबर १९४४ : माओचं येनानमधलं भाषण. आधुनिक डॉक्टरांनी जुन्या पद्धतीच्या वैद्यांबरोबर काम करावं, असं आवाहन.

१९४५ : येनानच्या रुग्णालयात ॲक्युपंक्चरचा स्वतंत्र विभाग सुरू.

आता फोटोखालची ओळ पुन्हा वाचा. ‘भारतात आणणारे.’ कोटणीस भारतात परत आलेच नाहीत. ज्या रुग्णालयात सुयांचा विभाग निघाला तोही त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यात आणखी एक गोंधळ आहे. येनानचं रुग्णालय आणि कोटणीसांनी चालवलेलं आघाडीवरचं रुग्णालय, दोन्हींना बेथ्यूनचं नाव होतं. नाव एक, जागा दोन. अशा ठिकाणी नवखा संशोधक हमखास पाय घसरून पडतो. मी पडलेच होते.

कोटणीसांचं खरं काम होतं सर्जरीचं. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकलेला हा तरुण लढाईच्या मागोमाग हलणाऱ्या रुग्णालयांमधून, अपुऱ्या साधनांनिशी जखमी सैनिकांची ऑपरेशन्स करत होता आणि गावातल्या पोरांना ड्रेसिंगपासून शिकवून वैद्यकीय मदतनीस बनवत होता. त्याच्या मोठेपणाला सुयांची गरज नाही.

मग नाव चिकटलं कसं? ते बसूंमुळे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. बसू पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर रीतसर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी ते सुरू केलं. पुढे त्याचा प्रसार झाला तो मोठ्या प्रमाणावर कोटणीस स्मारक समितीच्या कामातून. न परतलेल्या सहकाऱ्याचं नाव त्यांनी आपल्या कामाला दिलं. लुधियानातही कोटणीसांच्या नावाचं ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे. म्हणजे नाव आदरांजली म्हणून लागलं आणि दोन पिढ्यांनंतर लोकांनी ते पुरावा म्हणून वाचलं. यात कोणी खोटं बोललेलं नाही. दंतकथा बहुतेक वेळा अशाच तयार होतात.

येनानला सुया का लागल्या?

‘पाच हजार वर्षांची अखंड परंपरा’ असं आपण ऐकतो. परंपरा जुनी आहे, पण अखंड म्हणणं अवघड. १८२२ मध्ये चीनच्या बादशहाने राजवैद्यकीय संस्थेतून ॲक्युपंक्चर काढून टाकलं होतं. १९२९ मध्ये तर पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्या डॉक्टरांनी जुनं वैद्यकच बंद करण्याचा प्रस्ताव सरकारपुढे मांडला होता. गावोगावी वैद्य होते, पण प्रतिष्ठा उतरलेली होती.

ती परत आली युद्धात. एका बाजूने जपानी सैन्य आणि दुसऱ्या बाजूने चीनच्याच राष्ट्रवादी सरकारची नाकेबंदी. औषधं, भूल, ड्रेसिंगचं सामान, सगळ्याचीच टंचाई. सुई मात्र स्वस्त, खिशात मावणारी, उकळून पुन्हा वापरता येणारी. माओच्या भाषणानंतर रेन झुओतियान नावाच्या वैद्याने येनानमधल्या आधुनिक डॉक्टरांना सुया शिकवल्या. त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये झू लियान या डॉक्टर होत्या. त्यांनी १९५१ मध्ये ‘नवं ॲक्युपंक्चर’ या अर्थाच्या नावाचं पुस्तक लिहिलं. त्यात यिन-यांगपेक्षा मज्जासंस्थेची भाषा होती आणि साध्या आरोग्यसेवकालाही शिकता येईल अशी मांडणी होती. आज जगभर दिसणाऱ्या ॲक्युपंक्चरचा बराचसा चेहरा तिथे घडलेला आहे.

इथे पिंपरीकरांसाठी एक थांबा घेते. बेथ्यून कशाने गेले माहीत आहे? ऑपरेशन करताना बोटाला जखम झाली, तिच्यात संसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला. पेनिसिलिन तेव्हा बाजारात नव्हतं. तिथून पंधरा वर्षांनी, १९५४ मध्ये, आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने १९५५ मध्ये इथे पेनिसिलिनचं उत्पादन सुरू झालं. ‘एच. ए. कॉलनी’ हा बसस्टॉप आपण रोज ओलांडतो, पण त्या नावामागे हा इतिहास आहे. येनानने टंचाईवर सुयांनी मार्ग काढला, पिंपरीने कारखान्याने. मायक्रोबायोलॉजीची विद्यार्थिनी म्हणून मला यातला फरक नोंदवावासा वाटतो. पेनिसिलिनने संसर्ग बरा होतो का, या प्रश्नावर आज कोणी भांडत नाही. सुयांनी कंबर बरी होते का, यावर अजून भांडण चालू आहे.

मग अमेरिकेतल्या माजी सैनिकांपर्यंत

आता थोडी लांब उडी, पण धागा तोच : सैनिक आणि सुई.

जुलै १९७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. ‘त्यांना सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केलं’ असं तुम्ही यूट्यूबवर ऐकाल. मूळ लेखात तसं नाही. ऑपरेशन नेहमीचं औषध टोचून झालं. सुया लावल्या त्या नंतर, पोटातल्या त्रासासाठी. मूळ साधन एकदा वाचलं तर अर्ध्या दंतकथा जागीच संपतात. तरीही या लेखाने अमेरिकेत कुतूहल उठलं, पुढच्या वर्षी निक्सन चीनला गेले आणि ते आणखी वाढलं.

फौजेत सुया शिरल्या त्या मात्र तीस वर्षांनी. २००१ मध्ये अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर रिचर्ड नीमझो यांनी कानावरच्या पाच बिंदूंची एक सोपी पद्धत बसवली आणि तिला ‘बॅटलफील्ड ॲक्युपंक्चर’ असं नाव दिलं. छोट्या टाचणीसारख्या सुया कानात लावायच्या, त्या काही दिवस तशाच राहतात. प्रशिक्षण काही तासांचं. ॲक्युपंक्चरचं पूर्ण शिक्षण नसलेले डॉक्टर-नर्सही ते शिकू शकतात.

इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या जवानांचं दुखणं आणि त्यावर दिलेल्या अफूजन्य वेदनाशामकांचं व्यसन हा तिथला मोठा राष्ट्रीय प्रश्न झाला. औषधं होती, पण त्यांचीच भीती वाटायला लागली. २०१६ मध्ये व्यसनाविरोधातला कायदा झाला. त्यात माजी सैनिकांसाठी औषधांशिवायचे उपचार वाढवायला सांगितलेलं होतं. २०१७ मध्ये माजी सैनिकांच्या आरोग्य खात्याने ॲक्युपंक्चरला आपल्या सेवांच्या यादीत घेतलं. २०१८ मध्ये आणखी एक कायदा झाला, तो मिशन ॲक्ट नावाने ओळखला जातो. त्यानुसार ठरावीक अटींत माजी सैनिकाला बाहेरच्या खासगी व्यावसायिकाकडे पाठवता येतं आणि पैसे खातं भरतं.

तिथल्या गल्लीतल्या छोट्या ॲक्युपंक्चर क्लिनिकचा धंदा माजी सैनिकांवर वाढायला लागला तो या शेवटच्या गोष्टीमुळे. सुया त्याच, बिंदू तेच. बदलली ती बिल भरणारी व्यक्ती.

तीन अटी

येनान १९४५ आणि अमेरिका २०१८ शेजारी ठेवा. राजकारण एकदम उलटं, पण वाढ होण्याच्या अटी तीन आणि त्या जवळजवळ सारख्याच.

पहिली, चालू उपचारात एक भोक. येनानला औषध नव्हतं, अमेरिकेत औषधाची भीती होती.

दुसरी, मागे उभी असलेली संस्था. एकीकडे पक्ष आणि सेना, दुसरीकडे सरकारी खातं. कोणीतरी आदेश काढला, जागा दिली, पैसे दिले.

तिसरी, झटपट शिकता येईल असं रूप. झू लियान यांनी पुस्तक सोपं केलं, नीमझोंनी पाच बिंदू.

आणि या तिन्हींच्या मध्ये सैनिक, कारण सैनिक हा व्यवस्थेच्या हाती असलेला पेशंट आहे. तो एका ठिकाणी सापडतो, सांगितलेल्या वेळी येतो, त्याची फाइल असते आणि त्याचं दुखणं देशावरचं ऋण मानलं जातं. नवी पद्धत रुजवायला याहून सुपीक जमीन नाही.

यात ‘उपचार चालतो’ ही अट मी लिहिलेली नाही, हे लक्षात आलं का? मुद्दाम नाही लिहिली. या तीन अटी पुऱ्या झाल्या तर चालणारा उपचारही वाढतो आणि न चालणाराही.

आपल्या पट्ट्यात काय आहे?

माजी सैनिकांची इथे कमी नाही. दापोडीला लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय, देहूरोडला छावणी आणि दारूगोळ्याचा डेपो, खडकीला दुसरी छावणी. साताऱ्या-सांगलीकडून भरती झालेला जवान निवृत्तीनंतर पोरांच्या शिक्षणासाठी इकडेच घर घेतो आणि भोसरी-चाकणच्या गेटवर दुसरी नोकरी धरतो.

जखमी सैनिकांसाठीच्या संस्थाही इथे जुन्या आहेत. पहिल्या महायुद्धातल्या अपंग जवानांसाठी १९१७ मध्ये मुंबईत निघालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट पुढे खडकीला आली. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र १९७४ चं. फौजेची इथली वाट ही अशी होती : सर्जरी, कृत्रिम पाय, व्हीलचेअर, व्यायाम, हातात एखादा धंदा. २००३ पासून निवृत्तांसाठी ईसीएचएसची योजना आणि तिची पॉलिक्लिनिक्स आहेत.

ॲक्युपंक्चर इथे फौजेच्या दारातून आलंच नाही. ते खासगी क्लिनिकमधून आलं. कायदा मागून आला. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये कायदा केला, ती बसूंच्या कामाची जमीन. केंद्राने २००३ मध्ये उपचाराची एक रीत म्हणून परवानगी दिली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता. महाराष्ट्राचा कायदा २०१५ चा. त्याखाली ॲक्युपंक्चर परिषद आहे आणि तिच्याकडे नोंदणी होते. सरकारी मान्यतेचा अर्थ एवढाच की हे काम कोणी करावं आणि काय शिकून करावं, ते ठरलं. ‘चालतो का’ याचा निकाल कायदा देत नसतो.

म्हणजे वरच्या तीन अटींपैकी भोक आहे. गेटवर उभं राहून दुखणारी कंबर हे मोठंच भोक. शिक्षणही आहे. मधली संस्था मात्र नाही. मामांच्या सिटिंगचे पैसे मामांच्याच खिशातून गेले. म्हणूनच बोर्ड लागतो, सवलत लागते, भिंतीवर फोटो लागतो आणि युनिटच्या जुन्या दोस्तांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर “मला फरक पडला” हा मेसेज लागतो. संस्था नसते तिथे तिची जागा भरवसा घेतो. म्हणून तो भरवसा कशावर उभा आहे, हे तपासणं गरजेचं.

आता दुसरा प्रश्न : चालतो का?

इथे आपण इतिहासाचं दार बंद करून प्रयोगाच्या खोलीत जातो.

माणूस डॉक्टरकडे कधी जातो? दुखणं अगदी असह्य झाल्यावर. जुनाट कंबरदुखी वरखाली होत असते. शिखरावर असताना गेलात तर काहीही केलं तरी पुढे थोडी उतरतेच. त्यात कोणीतरी अर्धा तास लक्ष देऊन हात लावतं, आडवं झोपवतं, शांत खोली असते. म्हणून “मला फरक पडला” हे वाक्य खरं असूनही ‘सुईमुळे पडला’ हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो.

जर्मनीतला मोठा प्रयोग बघा. २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, जुनाट कंबरदुखीचे ११६२ पेशंट. तीन गट. एकाला शास्त्रोक्त बिंदूंवर सुया. दुसऱ्याला भलत्याच जागी, वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीचे उपचार : औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम. सहा महिन्यांनी ठरावीक सुधारणा दिसलेले पेशंट : खऱ्या सुया ४७.६ टक्के, खोट्या सुया ४४.२ टक्के, नेहमीचे उपचार २७.४ टक्के.

हे तीन आकडे वहीत लिहून ठेवा. ॲक्युपंक्चरचा समर्थक म्हणेल, “४७ विरुद्ध २७, बघा किती फरक.” विरोधक म्हणेल, “४७ विरुद्ध ४४, बिंदूंना काही अर्थच नाही.” दोघेही त्याच तक्त्यातून वाचतायत. पहिला विचारतो, हे घेतल्याने पेशंटला बरं वाटतं का? दुसरा विचारतो, त्यामागचा सिद्धांत खरा आहे का? प्रश्न नीट लिहिला नाही तर उत्तर भांडण लावतं.

हे भांडण गाइडलाइनपर्यंत गेलंय. २०१६ मध्ये ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नका असं सांगितलं. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने जुनाट कंबरदुखीत औषधाआधी करून बघायच्या उपायांत व्यायामाबरोबर ॲक्युपंक्चरही घेतलं. पुरावा साधारण तोच, पण तुलना कुणाशी करायची यावर मत वेगळं.

माजी सैनिकांवरचा एक प्रयोग सांगायलाच हवा. युद्धाच्या आघातानंतर मनावर राहणाऱ्या ताणासाठी, अमेरिकेतल्या ९३ माजी सैनिकांवर केलेला, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला. खऱ्या आणि खोट्या सुयांची तुलना. दोन्ही गट सुधारले, खऱ्या सुयांचा गट जास्त. निकाल आशादायक आहे, पण गट लहान आहे आणि तो पुन्हा दुसरीकडे करून बघायला हवा. कानाच्या पाच बिंदूंवरचे अभ्यास बहुतेक छोटे आहेत आणि त्यांचे निकाल मिश्र.

३७.३३ सेकंद

आपल्या भागातलं एक नाव इथे आठवतं. मुरलीकांत पेटकर. सांगली जिल्ह्यातले, फौजेत ईएमईमध्ये, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. पोहणं त्यांच्याकडे आलं ते उपचार म्हणून. पुढे टेल्कोत नोकरी आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण, वेळ ३७.३३ सेकंद. २०१८ मध्ये पद्मश्री.

मी त्यांचं नाव घेते ते त्या आकड्यासाठी. पोहण्याच्या टाकीत स्टॉपवॉच असतं. वेदनेला स्टॉपवॉच नाही. ती पेशंटच्या तोंडूनच मोजावी लागते आणि फौजी माणसाचं तोंड हे अवघड उपकरण आहे. वर्षानुवर्षं “ठीक है साब” म्हणायची सवय. समोर ॲप्रन घातलेलं कोणी असलं की तो शून्य सांगेल आणि घरी जाऊन कण्हत बसेल. माजी सैनिकांवर उपचारांचा अभ्यास करायचा असेल तर ही पहिली अडचण लिहून ठेवा. आकडा उपचार करणाऱ्याने विचारायचा नाही, तिसऱ्याने विचारायचा. त्याआधी एथिक्स कमिटीची परवानगी आणि भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत नोंद. माणूस हुकूम पाळतो म्हणून त्याची संमती गृहीत धरायची नाही, उलट ती दुप्पट काळजीने घ्यायची.

आपल्या पट्ट्यातल्या कुणा ॲक्युपंक्चर करणाऱ्याला खरोखर माजी सैनिकांच्या सेवेतून आपलं काम वाढवायचं असेल, तर माझं मत असं : सवलतीच्या बोर्डाआधी एक रजिस्टर ठेवा. किती आले, किती मध्येच सोडून गेले, कोणाला सहा सिटिंगनंतरही फरक नाही, कोणाला तुम्ही हाडाच्या डॉक्टरकडे पाठवलंत. कुठल्याही संस्थेने उद्या पैसे द्यायचं मनात आणलं तर ती हेच कागद मागेल.

मामांना काय सांगितलं?

पायात मुंग्या, बधिरपणा, लघवीवरचा ताबा जाणं, असं काही होतंय का ते आधी विचारलं. नव्हतं. तरी पॉलिक्लिनिकमध्ये तपासून घ्यायला लावलं. बीपीची गोळी सुयांसाठी बंद करायची नाही, हे दोनदा सांगितलं. वीस नको, सहा घ्या म्हटलं. आणि एक वही दिली : रोज रात्री झोपताना शून्य ते दहा, दुखणं किती, आणि दिवसभरात काय केलं.

वही फौजी शिस्तीत भरली गेली. आठ आठवड्यांनी आम्ही दोघं चहा घेत ती बघत बसलो. आकडा खाली जायचा तो सुयांच्या दिवशी थोडासा, आणि साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी चांगलाच. सगळ्यात वर असायचा डबल ड्यूटीच्या दुसऱ्या दिवशी.

एका माणसाच्या वहीने काही सिद्ध होत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण मामांनी ती वही बघितली आणि कंपनीत जाऊन गेटच्या केबिनमध्ये एक उंच स्टूल मागून घेतलं. चार वर्षांत ते त्यांनी कधी मागितलं नव्हतं. “मागायचं असतं हेच सुचलं नाही,” म्हणाले. सुया त्यांनी सोडलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा जातात. “तेवढा अर्धा तास कोणी हाक मारत नाही,” हे त्यांचं कारण, आणि ते मला पटतं.

क्लिनिकच्या डॉक्टरांना मी कोटणीस आणि बसूंच्या साली एका कागदावर लिहून दिल्या. त्यांनी शांतपणे वाचल्या. म्हणाले, “फोटो काढणार नाही हं मी.” मी म्हटलं, “काढूच नका. शेजारी बसूंचा लावा, आणि खालची ओळ तेवढी बदला.”

तुमच्यासाठी या वेळचा गृहपाठ : तुमच्या सिनॉप्सिसच्या प्रस्तावनेतलं सगळ्यात आवडतं वाक्य घ्या, जे ‘सगळ्यांनाच माहीत आहे’ म्हणून तुम्ही बिनधास्त लिहिलंय. त्यातली नावं आणि साली एका रांगेत लावा. मग स्वतःला मागच्या रांगेतून विचारा, “कुठल्या साली?”